पंचवीसाचे पंधरा कसे झाले?

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरू लागली, तेव्हा तोंडाला मास्क कसा लावावा, हात किती वेळ धुवावेत, याचे धडे आपण सगळेच गिरवीत होतो. माझ्या आत्याला मात्र त्यात काही नवे वाटले नाही. ती म्हणाली, "अरे, मला हे कोण शिकवणार? पाच महिने दुसरं काय करतेय?"

आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही नुकतीच संपली होती. केमोथेरपीची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्कपेशी तशा असतातच. पण अस्थिमज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. त्यामुळे औषध दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. निरोगी माणसात त्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० असतात. या दिवसांत कधी कधी हजाराच्याही खाली जातात. मग साधा ताप आला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. म्हणून पाहुणे बंद, लग्नकार्य बंद, मास्क चालू. जगाने २०२० मध्ये जे नियम पाळले, ते कर्करुग्णांच्या घरात आधीच रुळलेले होते.

आत्याचे आता किरणोपचार सुरू व्हायचे होते: आठवड्यातून पाच दिवस, असे पंचवीस वेळा. घर डोंबिवलीला, रुग्णालय मुंबईत आणि लोकलगाड्या बंद! घरात दोन तट पडले. साथ ओसरेपर्यंत थांबू या, असे काहींचे म्हणणे. आत्या सगळ्यांचे ऐकून घेऊन म्हणाली, "कोरोना मला होईल की नाही, कोण सांगणार? कर्करोग झालाय, हे मात्र नक्की." असा विचार करणे सर्वांना जमले नाही, आणि जमले त्यांनाही वाहन मिळतेच असे नाही. देशातील ४१ कर्करोग केंद्रांची पाहणी पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी झाली होती. रोग मात्र टाळेबंदी पाळत नाही.

मग आत्याने मला विचारले, "तू पदार्थविज्ञान शिकवतोस ना? सगळे किरण एकदमच का देत नाहीत? रोजची खेप तरी वाचेल."

प्रश्न मार्मिक होता. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅमला एक जूल ऊर्जा. रोजची मात्रा दोन ग्रे. एवढ्या ऊर्जेने पाणी तापवले तर तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढत नाही! पण हीच ऊर्जा पेशीतील डीएनएचे धागे तोडते. निरोगी पेशी दोन खेपांच्या मधल्या वेळात बरीचशी दुरुस्ती करून घेतात, कर्कपेशींना ती तितकी साधत नाही. मात्रा तुकड्यातुकड्यांनी देण्याचे कारण हे. फार दिवस खंड पडला, तर उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते.

रुग्णालयाने मात्र खेपा पंचविसांच्या पंधरा केल्या. मी लगेच गुणाकार केला: आधी ५० ग्रे, आता ४०. दहा ग्रे गेले कुठे? चूक माझी होती. परिणाम नुसत्या बेरजेवर ठरत नाही. एका वेळची मात्रा मोठी केली की तिचा परिणाम प्रमाणापेक्षा जास्त वाढतो. स्तनाच्या कर्करोगात ४० ग्रेच्या पंधरा खेपा पुरतात, हे ब्रिटनमधील चाचण्यांतून २००८ मध्येच दिसले होते. एप्रिल २०२० मध्ये तिथल्याच आणखी एका चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. चार हजारांवर रुग्णांच्या या चाचणीत २६ ग्रे, तेही एका आठवड्यात पाच खेपांत दिले, तरी गुण तेवढाच आला होता. साथीच्या काळात अनेक रुग्णालयांनी हा मार्ग धरला.

आत्याला एवढे समीकरण नको होते. "म्हणजे औषध कमी नाही, खेपा कमी. बरोबर?" तिने विचारले. मी मान डोलावली. शेजाऱ्यांची गाडी, पोलिसांना दाखवायला रुग्णालयाचा कागद आणि डब्यात दहीभात, अशा तिने पंधरा खेपा पुऱ्या केल्या. शेवटच्या दिवशी घरी आल्यावर साबणाने हात धूत म्हणाली, "हं, आता त्या कोरोनाकडे बघू."