मागून येणाऱ्यासाठी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी गुडघ्याला पट्टी बांधून आला. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, "जांबोटी रोडवर पडलो सर. पुढं एक पिकअप होती. तिच्या चाकाचा चिखल थेट हेल्मेटच्या काचेवर. काहीच दिसेना, गाडी कडेला उतरली." मग जरा थांबून, "तुमच्या गावचीच गाडी होती सर. मागच्या फाळक्यावर नाव होतं."

आमच्या गावात मागच्या फाळक्यावर गावाचे नाव लिहिलेली पिकअप एकच आहे, आणि ती आमच्याच घरची आहे.

धाकटा भाऊ शेती बघतो आणि बोलेरो पिकअपमधून भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जातो. कोबी, बटाटा, मिरची. रात्री निघायचे, पहाटे पोचायचे. परतीला गाडी रिकामी, म्हणजे वेगही जास्त. मागच्या उजव्या चाकाचा मडफ्लॅप मे महिन्यातच तुटून पडला होता. "बसवूया की दादा, काय घाई हाय?" असे म्हणता म्हणता जुलै उजाडला होता. संध्याकाळी मी विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. तो जेवता जेवता थांबला. "मला कळलंच नाही रे दादा," एवढेच म्हणाला. ते खरेही होते. आपल्या चाकाचे पाणी कुणाच्या डोळ्यांत जाते, ते चालवणाऱ्याला आरशात दिसत नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे खानापूर रोडवरच्या एका गॅरेजात गेलो. मला वाटले, रबराचे दोन तुकडे लावायचे, अर्ध्या तासाचे काम. पण धाकट्याच्या मनात वेगळेच होते. त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. रुंद टायर, आणि चाकांच्या कमानीवर बाहेर पसरलेल्या काळ्या पट्ट्या. त्यांना फेंडर फ्लेअर म्हणतात. "हे बसवलं की चिखल उडतच नाही," तो म्हणाला. "आणि गाडी कशी दिसतीय बघ की!"

मेस्त्री वयस्कर होते. ते म्हणाले, "सर, दोन्हीचं काम वेगळं. फ्लेअर बाजूला उडणारं अडवतो, फ्लॅप मागं उडणारं. मागच्या माणसाला वाचवायचं असेल तर आधी फ्लॅप."

टायर बॉडीच्या कमानीबाहेर येत असेल, तरच फ्लेअरचा खरा उपयोग. टायर मूळ मापाचेच असतील, तर ती बहुतांशी शोभा. घ्यायचाच तर लवचीक प्लॅस्टिकचा घ्यावा. दगड लागला तर वाकतो. फायबरचा ताठ असतो आणि तडकतो. स्क्रूने बसवताना पत्र्याला भोके पडतात. त्या भोकांना गंजरोधक रंग लावला नाही आणि पट्टीच्या काठाला रबर बसवले नाही, तर पट्टीच्या आड ओल साचून पत्रा आतून खात जातो. बाहेरून वर्षभर काही कळत नाही. बसवल्यावर गाडीत माल भरून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायचे. रिकाम्या गाडीत न घासणारे चाक भरल्या गाडीत घासू शकते.

रुंद टायरचे तर वेगळेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या मापाबाहेर जाण्याआधी आरटीओत विचारलेले बरे. धाकट्याचा चेहरा उतरला, पण त्याला शेवटचा धक्का घरून बसला.

त्याची बायको बैलहोंगलकडची. तिच्या वडिलांकडे गेली की गाडी काळ्या रानातून जाते. तिने फोनवर वडिलांना विचारले. त्यांनी कानडीत जे सांगितले त्याचा सारांश असा: एरी मण्णु, म्हणजे काळी माती, भिजली की चाकाला गोळ्यासारखी चिकटते. चाक आणि मडगार्ड यांच्यात जागा नसेल तर माती अडकून चाकच अडवते. आमच्या पश्चिमेकडची तांबडी माती पातळ होऊन उडते, त्यांच्याकडची उडत नाही, बसते. दोन्हीकडच्या वाटेवर जाणाऱ्या गाडीला चाकाशी मोकळी जागा पाहिजेच. "मावांनी सांगितलं म्हणजे संपलं," धाकटा म्हणाला आणि फ्लेअर रद्द झाले.

मग फ्लॅप. आत कापडी थर असलेले जाड रबर घेतले. निव्वळ पातळ प्लॅस्टिक वेगात वाऱ्याने मागे उचलले जाते, मग असून नसल्यासारखेच. रुंदी टायरपेक्षा थोडी जास्त. वर लोखंडी पट्टी आणि मोठे वॉशर, म्हणजे बोल्टपाशी रबर फाटत नाही. सायलेन्सरच्या तोंडापासून लांब. रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट झाकायची नाही. उंचीचे माप मात्र मेस्त्रींनी रिकाम्या गाडीवर घेऊ दिले नाही. "बटाटा भरून आणा," म्हणाले. भरल्यावर पाटे दबून गाडी चांगली चार बोटे खाली बसली. रिकामेपणी माप घेतले असते, तर फ्लॅप जमिनीला घासून महिन्यात फाटला असता. रिव्हर्स घेताना तो चाकाखाली येऊ नये, म्हणून चाकापासून अंतर ठेवले.

शेवटी पेंटर. "काय लिहू?" त्याने विचारले. आपल्या भागात हा प्रश्न साधा नसतो. कोणत्या भाषेत, हे त्यात आलेच. धाकटा म्हणाला, एकावर 'सावकाश' लिहा. भावजय म्हणाली, मग दुसऱ्यावर 'निधान'. रस्त्याकडेला 'निधानवागी चलिसि' अशी पाटी आपण सगळेच वाचतो. कानडीत निधान म्हणजे हळू. मराठीत निधान म्हणजे ठेवा. मी हे सांगितल्यावर आई हसून म्हणाली, "बरोबरच हाय की. हळू गेला तरच ठेवा घरी येतोय." एक शब्द मराठीत, एक कानडी लिपीत, असे लिहून झाले.

त्यानंतर धाकटा स्वतः कॉलेजात आला. त्या मुलाला भेटला. "गाडी माझीच होती," असे सरळ सांगितले, आणि मोटारसायकलच्या दुरुस्तीचे पैसे दिले. मुलगा घेईना. तेव्हा मी मध्ये पडलो, "घे, त्याला बरं वाटेल." पुढच्या आठवड्यात तो नवी काच बसवलेले हेल्मेट घेऊन वर्गात आला.

वाचकहो, मृग लागायच्या आत एक काम करा. आपली गाडी मालासह उभी करा आणि मागे जाऊन उकिडवे बसा. मोटारसायकलवाल्याच्या नजरेच्या उंचीवरून चाकाकडे बघा. चाकाचा जेवढा भाग उघडा दिसेल, तेवढा चिखल त्याच्या तोंडावर जाणार आहे. आम्ही हे मे महिन्यात बघायला हवे होते.