उन्हाची वीज आणि बायकांची मालकी

सूर्याचें ऊन सर्वांना फुकट मिळतें. त्यापासून वीज करणारें पॅनेल मात्र विकत घ्यावें लागतें, जपावें लागतें आणि बिघडल्यास दुरुस्तहि करावें लागतें. खेड्यांतील सौर योजनांचें यशापयश बहुधा या शेवटच्या गोष्टीवर ठरत आलें आहे. चांगल्या पॅनेलचें आयुष्य २५ वर्षांच्या घरांत असतें; त्याला जोडलेली बॅटरी त्याच्या कितीतरी आधीं थकते. समारंभपूर्वक लावलेले दिवे दोनचार पावसाळ्यांनंतर विझतात, तेव्हां उन्हाचा तुटवडा पडलेला नसतो. नवी बॅटरी कोणाच्या पैशानें घ्यावयाची आणि ती बसवावयाची कोणी, हें आधीं ठरलेलें नसतें.

राजस्थानांत अजमेर जिल्ह्यांतील तिलोनिया येथें बंकर रॉय यांनीं १९७२ सालीं एक संस्था काढली. पुढें ‘बेअरफूट कॉलेज’ या नांवानें ती सर्वतोमुखी झाली. तिनें या प्रश्नाचा उलगडा व्यवहारी रीतीनें केला. दिवे येण्यापूर्वीं गांवची सभा भरवावयाची. रॉकेल, मेणबत्त्या आणि टॉर्चचे सेल यांवर घरोघर महिन्याला काय खर्च होतो तें तेथेंच मांडावयाचें. आणि सौर दिवा घेणाऱ्या घरानें साधारण तेवढीच वर्गणी दरमहा गांवच्या समितीकडे भरावयाची. दुरुस्ती करणारीचें वेतन आणि सुटे भाग यांची सोय या वर्गणींतून होते. दुरुस्तीचें काम शिकण्यास गांवानेंच आपल्यांतील एक प्रौढ बाई निवडून सहा महिन्यांसाठीं पाठवावयाची. तिला अक्षरओळख नसली तरी अडत नाहीं; तारांचे रंग आणि भागांचे आकार ओळखून ती काम शिकते. तरुण पुरुष शिकला कीं प्रमाणपत्र घेऊन शहराची वाट धरतो आणि मुलानातवंडांची बाई गांवींच राहते, हा या निवडीमागचा अनुभव.

येथवर बाई कुशल कारागीर झाली. पण धंद्याची मालकी तिच्याकडे यावी कशी? याचें उत्तर संस्थेचा पाया कशावर घातला जातो यावर अवलंबून आहे. गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील ढुंडी येथें २०१६ सालीं शेतकऱ्यांनीं सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापन केली. शेताला पाणी देऊन उरलेली वीज ती वीज कंपनीस विकूं लागली. प्रयोग मोलाचा खरा. परंतु सभासदत्व पंपावर आणि पंप जमिनीवर, अशी रचना कोठेंहि केली तर सातबारा बहुधा पुरुषाच्या नांवें असल्यानें घरची बाई राबत असूनहि सभासद होत नाहीं.

दक्षिण राजस्थानांतील डुंगरपूर या भिल्लबहुल जिल्ह्यांत पाया निराळा पडला. तेथें बायकांचे बचत गट आधींच होते. दहाबारा जणींचा एक गट, अशा गटांचा गांवचा संघ आणि अनेक गांवांच्या संघांचा मिळून महासंघ, अशी ही उतरंड. मुंबईच्या आय. आय. टी.नें शाळकरी मुलांसाठीं अभ्यासाचे सौर दिवे काढले होते. ते खेड्यांतच जोडावे, खेड्यांतच विकावे आणि तेथेंच दुरुस्त व्हावे, असा तिचा नेम होता. २०१४ सालीं हातीं घेतलेल्या कार्यक्रमांत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा येथील मुलांसाठीं १० लाख दिव्यांचें उद्दिष्ट होतें. मुलाला दिवा १२० रुपयांना पडे. उरलेला भार देणग्या व अनुदानें सोशीत. डुंगरपुरांत दिव्यांचें काम गटांतील बायकांकडे आलें आणि त्यांतून पुढें पॅनेल तयार करण्याचा कारखाना उभा राहिला.

हें काम नाजूक आहे. सिलिकॉनच्या एका चकतींतून जेमतेम अर्धा व्होल्ट दाब मिळतो; म्हणून अनेक चकत्या एकीपुढें एक डाख देऊन जोडाव्या लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीं सामान्यतः ३६ चकत्या लागतात. मग कांचेखालीं त्या उष्णतेनें अशा बंद करावयाच्या कीं ओलावा आंत शिरूं नये. एखादा डाख कच्चा राहिला तर सगळी माळ अडते.

‘दुर्गा’ या नांवानें चाललेला हा उद्योग कायद्यानें सहकारी संस्था नसून कंपनी आहे. पण तिचे भाग बायकांच्या महासंघांकडे असल्यामुळें मालकीचा धागा शेवटीं गटांतील सभासद बाईपर्यंत पोंचतो. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटूं नये. १९५९ सालीं गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून वाढलेल्या ‘लिज्जत’मध्यें पापड लाटणारी बाई हीच भागीदार असते.

मात्र पापड आणि पॅनेल यांत एक मोठें अंतर आहे. पापडाला घरोघर गिऱ्हाईक असतें. पॅनेलचे मोठे खरेदीदार म्हणजे सरकारी खातीं, संस्था आणि कंत्राटदार. आणि तेथें गांठ पडते ती प्रचंड कारखान्यांच्या स्वस्त मालाशीं. अनुदानाची योजना संपली कीं दिव्यांची मागणीहि ओसरते. अशा वेळीं बायकांना केवळ डाख देतां येऊन भागत नाहीं. निविदा वाचणें, किंमत ठरविणें आणि उधारी वसूल करणें हीं कामेंहि त्यांच्याच हातीं यावीं लागतात. तीं शिकविण्यास दिव्याच्या शिक्षणापेक्षां अधिक काळ लागतो आणि त्यासाठीं पैसा देणारे थोडे.

म्हणून खेड्यांत असें काम उभारूं पाहणाऱ्यांनीं क्रम संभाळावा. प्रथम बायकांचा गट, त्याची बचत आणि त्याचा हिशेब. मग दुरुस्तीचा निधि आणि दुरुस्ती जाणणारी बाई. त्यानंतर विक्री, आणि शेवटीं कारखाना. ज्या गटानें वर्षानुवर्षें आपल्या आठवड्याच्या दहावीस रुपयांचा चोख हिशेब ठेवला आहे, त्याला बॅटरीच्या निधीचा हिशेब अवघड जात नाहीं. ही संवय नसलेल्या गांवीं मात्र कितीहि उंची पॅनेल आणून बसविलें तरी पहिली बॅटरी निकामी होईपर्यंतच तेथें उजेड राहतो.