ट्रॅक्टर गटाचा, पण मागचा खोदणारा हात घ्यायचा का?

गेल्या महिन्याभरात तीन-चार गटांनी एकच प्रश्न विचारला. "गटासाठी छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलंय. विक्रेता म्हणतो, मागे खोदणारा हातही बसवून घ्या, शेततळी खोदा, पाइपलाइनचे चर खोदा, वर्षात पैसे फिटतील. घ्यावा का?" आज त्याबद्दलच बोलू. हिशोब आहे, तेव्हा वही-पेन जवळ घेऊन बसा.

आधी शब्द समजून घेऊ. या खोदणाऱ्या हाताला विक्रेते 'बॅकहो' म्हणतात. गावात आपण अशा प्रत्येक यंत्राला 'जेसीबी' म्हणतो, पण ते एका कंपनीचं नाव आहे. रस्त्यावर दिसतो तो मोठा पिवळा जेसीबी खोदण्यासाठीच बनवलेला असतो. आपण बोलतोय ते वेगळं: शेतीचा छोटा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागे जोडायचा लहान हात. दोन्ही दिसायला सारखे असले तरी कामात मोठा फरक आहे.

पहिला हिशोब: किती खोल आणि किती ब्रास?

छोट्या ट्रॅक्टरवरचा हात साधारण सहा-सात फूट खोल जातो. शेततळं तीन मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट खोल असतं. तिथेच पहिली अडचण आली.

दुसरी अडचण मातीची. १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं लहानातलं शेततळं धरा. बाजू उतरत्या ठेवल्या तर त्यातून सुमारे १५५ ब्रास माती निघते. छोट्या हाताच्या बकेटमध्ये एका वेळी साधारण ४० लिटर माती मावते असं धरू. मग एका ब्राससाठी ७० बकेट लागतात. मिनिटाला दोन बकेट उचलल्या तरी एका ब्रासला ३५ मिनिटं, आणि सगळ्या तळ्याला ९० तास. मोठ्या जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये सुमारे पाव घनमीटर माती येते. त्याच वेगाने तो हे काम १५ तासांत उरकतो. तेव्हा शेततळ्याचं काम मिळेल म्हणून कोणी छोटा हात विकत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

मग छोट्या हाताचं काम कोणतं? हजार फूट पाइपलाइनचा चर घ्या. एक फूट रुंद, अडीच फूट खोल. माती निघते २५ ब्रास, वेळ लागतो १५ तास. यंत्र पुढे सरकवायला लागणारा वेळ धरला तर अडीच-तीन दिवस. हे काम मोठा जेसीबी लवकर करतो, पण त्याची नेहमीची बकेट रुंद असते. एक फुटाच्या जागी दोन-अडीच फुटांचा चर पडतो, बांध फुटतो, नंतर बुजवायचं काम वाढतं. फळबागेच्या ओळींत तर तो शिरतच नाही. तीन फूट लांब-रुंद-खोल असा आंब्याचा एक खड्डा छोट्या हाताने दहा मिनिटांत होतो. शोषखड्डा, संडासाचे दोन खड्डे, घराच्या पायाचे खड्डे, ओढ्यातला गाळ, वाळलेल्या झाडाचं बुंध, हीही त्याची कामं.

आणखी एक गोष्ट जमिनीची. आपल्या महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी वरच्या फूट-दोन फूट मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. छोटा हात माती काढतो, मऊ मुरूमही काढतो. खडक फोडणं त्याचं काम नाही. तेव्हा आपल्या गावात विहिरी खोदताना किती फुटांवर खडक लागला, हे जुन्या माणसांना आधी विचारा.

दुसरा हिशोब: वर्षात किती तास?

ट्रॅक्टरला वर्षभर काम असतं. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, फवारणी, ट्रॉलीने शेणखत आणि माल वाहणं. खोदणाऱ्या हाताला तसं नाही. पावसाळ्यात काळ्या रानात यंत्र रुततं, आणि उभ्या पिकात खोदकाम कोणी करत नाही. उरतात उन्हाळ्याचे महिने आणि मधले काही दिवस.

आकडा मांडून बघू. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या कोटेशनवरचे आणि तुमच्या गावच्या दराचे आकडे इथे घाला.

समजा हात ३ लाखांना पडला आणि तो आठ वर्षं चालेल. वर्षाची झीज झाली ३७,५०० रुपये. कर्ज फिटत जातं म्हणून सरासरी दीड लाखावर १० टक्के व्याज धरू, ते १५,००० रुपये. पिन-बुश, होज पाइप, तेल आणि बकेटचे दात यांना १२,५०० रुपये. एकूण ६५,००० रुपये. आता तासाचं भाडं ८०० रुपये धरा. त्यातून डिझेल आणि चालक यांचे ३०० गेले, हातात राहिले ५००. पासष्ट हजार भागिले पाचशे म्हणजे १३० तास. एवढे तास काम झालं तर गट फक्त बरोबरीत येतो. फायदा त्याच्या पुढे.

म्हणून कोटेशन मागण्याआधी गटाने एक काम करावं. प्रत्येकीने आपल्या आणि शेजारच्या वस्तीत जाऊन विचारावं: गेल्या दोन वर्षांत जेसीबी किती वेळा बोलावला, कशासाठी, किती तास, किती पैसे दिले? "घेतलं तर बोलावू" या शब्दाला हिशोबात जागा देऊ नका. खरोखर पैसे मोजले गेले तेच तास लिहा. त्यातून शेततळं, विहीर आणि खडकाची कामं वगळा. उरलेली बेरीज १३० तासांच्या वर जात असेल तर हाताचा विचार करा. चाळीस-पन्नास तासच निघाले तर ट्रॅक्टर घ्या आणि खोदायला जेसीबी भाड्याने बोलवा. फक्त झाडांचे खड्डेच जास्त असतील, तर ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारं खड्डे पाडायचं यंत्र मिळतं. ते हातापेक्षा पुष्कळ स्वस्त असतं आणि ते काम लवकर करतं.

हात घ्यायचाच असेल तर ट्रॅक्टर कसा बघाल?

पहिलं, वजन. लहानातला लहान हातही अडीचशे-तीनशे किलोंच्या घरात जातो. आठशे किलोंच्या ट्रॅक्टरच्या मागे तो लटकवला तर पुढची चाकं हलकी होतात, चढावर ती उचलली जातात. हातासाठी २५ ते ३० एचपीच्या खालचा ट्रॅक्टर बघू नका. फोर व्हील ड्राइव्ह आणि पुढे वजनं हवीतच.

दुसरं, जोडणी. नांगर जोडतो त्या तीन पॉइंटवर नुसता लटकवलेला हात धोक्याचा. खोदताना जोर उलटा आला तर हात बसणारीसकट वर उचलला जाऊन ती ट्रॅक्टरवर दाबली जाऊ शकते. ट्रॅक्टरच्या खालून पुढपर्यंत गेलेल्या मजबूत चौकटीवर बसवलेलाच हात घ्या. ट्रॅक्टर कंपनीकडून "हा हात बसवला तरी गॅरंटी चालू राहील" असं लेखी घ्या. तोंडी शब्द चालणार नाही.

तिसरं, तेलाचा जोर. छोट्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप नांगर उचलण्यापुरता असतो. त्यावर हात चालवला तर तो संथ चालतो आणि तेल तापतं. हाताला स्वतःचा पंप आणि तेलाची टाकी आहे का, ते विचारा.

चौथं, आपल्याला चालवता येतो का? दिवसभर तो कोण चालवणार, तिने स्वतः बसून बघावं. क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटवर टेकलेली राहते का? उतरताना पाय कुठे पडतो? डोक्यावर संरक्षक चौकट आणि सीटला पट्टा आहे का?

पाचवं, दुरुस्ती. मेकॅनिक किती किलोमीटरवर आहे आणि होज पाइप त्याच दिवशी मिळतो का? ज्यांच्याकडे तेच यंत्र दोन वर्षं आहे अशा माणसाला भेटा. आणि प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात नको, आपल्या रानात, आपल्या मुरमात मागा. पूर्ण एक तास.

अनुदानाचं काय?

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान आहे. पण त्याला रकमेची वरची मर्यादा असते. त्यामुळे ट्रॅक्टरची निम्मी किंमत मिळेल असं समजू नका. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. विक्रेता कितीही घाई करो, पत्राशिवाय पैसे भरू नका.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाज कल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. तिच्यात ९ ते १८ एचपीचा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं यांना साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आहे. गटातले किमान ८० टक्के सदस्य त्या घटकातले हवेत. चालू वर्षाचा नियम कार्यालयात वाचून घ्या. ही योजना चांगलीच आहे, पण आपण वर वजनाचं बोललो ते आठवा. १८ एचपीच्या ट्रॅक्टरला खोदणारा हात पेलवत नाही. त्याच्यामागे तो लावून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. कोटेशनवर कर किती लावलाय ते तपासा. हाताचं कोटेशन वेगळं मागा.

कागद आणि कायदा

मैत्रिणींनो, इथे जरा कान देऊन ऐका. गावात खोदणारं यंत्र आलं की कोणीतरी रात्री येऊन म्हणतं, "चार ट्रॉल्या मुरूम काढून द्या, दुप्पट भाडं देतो." मुरूम, वाळू हे गौण खनिज आहे. महसूल खात्याच्या परवानगीशिवाय ते काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र जप्त होतं. यंत्र गटाच्या नावावर असतं, त्यामुळे नोटीस अध्यक्ष आणि सचिव ताईंच्या घरी येते. म्हणून ठराव करा: परवानगीचा कागद बघितल्याशिवाय आपलं यंत्र मुरूम-वाळूला जाणार नाही, आणि सूर्यास्तानंतर खोदणार नाही.

विमा काढताना सांगा की यंत्र भाड्याने जाणार आहे आणि मागे हात आहे. शेतीच्या वापराचा विमा भाड्याच्या कामात अपघात झाल्यावर अडतो. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना हवा.

जीव आधी

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी किंवा वेणी त्यात अडकली तर ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवर झाकण नसेल तर यंत्र चालू करायचं नाही. चालवणारीने पदर खोचून वर शर्ट घालावा, केस बांधावेत. तेलाची गळती बोटाने चाचपू नका. जोराचं तेल कातडीतून आत शिरतं. पुठ्ठा धरून बघा. छातीइतक्या खोल चरात आधार लावल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, कडा ढासळते. वर विजेची तार आणि खाली पाण्याची लाइन बघूनच हात चालवा. आणि हाताच्या फिरण्याच्या टप्प्यात पोरंबाळं नकोत.

चावी कोणाकडे?

शेवटचं. कागदावर गटाचा ट्रॅक्टर आणि चावी कोणाच्या तरी दादाच्या खिशात, असं अनेक ठिकाणी दिसतं. मग तास कोणी मोजायचे? तेव्हा यंत्र येण्याआधीच गटातल्या दोघी-तिघींनी चालवायला शिकावं, परवाना काढावा. यंत्रावर तास मोजणारं मीटर असतं. काम सुरू करताना आणि संपल्यावर त्यावरचा आकडा वहीत लिहा. डिझेल, भाडं, उधारी सगळं त्याच वहीत. सदस्याच्या शेतात काम असेल तर भाडं कमी ठेवा, पण फुकट ठेवू नका. चालक पुरुष असला तरी हरकत नाही, फक्त चावी आणि वही गटाकडे राहू दे.

तर या आठवड्याच्या बैठकीत वस्त्या वाटून घ्या, तासांची यादी करा, बेरीज मांडा. हात घ्यायचा की नाही, ते तुमच्या वहीतली बेरीज सांगेल. विक्रेत्याला त्यानंतर बोलवा. तुमची बेरीज आम्हालाही कळवा.