निळ्या ज्योतीतून काय निघतं?

चुलीपुढे डोळे चोळत भाकरी थापण्याचे दिवस आपल्यापैकी अनेकींनी पाहिलेत. गॅस आला आणि धूर गेला. म्हणून आपल्याला वाटतं, निळी ज्योत म्हणजे एकदम शुद्ध. पण तिच्यातूनही एक वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचं नाव नायट्रोजन ऑक्साइड.

हा वायू सिलिंडरमधून येत नाही, तो घरातल्या हवेतूनच तयार होतो. हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन, म्हणजे आपण पिकाला युरियातून देतो ते नत्र, आणि २१ भाग प्राणवायू. एरवी हे दोघे शेजारी राहूनही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण ज्योतीचा सगळ्यात तापलेला भाग १५०० अंशांच्या वर जातो. तेवढ्या उष्णतेत दोघांची जोडी जुळते. आकाशात वीज कडाडते तेव्हाही हेच घडतं. यातल्या काही वायूचा पुढे नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तो श्वासातून आत गेला की श्वासनलिका चुरचुरतात, सुजतात. दम्याच्या मुलांना त्याचा जास्त त्रास होतो. आणि शेगडीजवळ सगळ्यात जास्त वेळ उभी कोण असते? आपणच.

कारखान्यातल्या मोठ्या भट्ट्यांत यावर उपाय करतात, तो म्हणजे ज्योतीची आच उतरवणं. गॅसमध्ये आधीच जास्तीची हवा मिसळतात, किंवा जळून झालेला थोडा वायू परत ज्योतीत सोडतात. उष्णता उतरली की हा वायूही कमी होतो.

घरच्या शेगडीत असले बदल आपण करायचे नाहीत. पण एक हिशोब आपल्या हातात आहे: जितका गॅस जळेल, तितका हा वायू जास्त. म्हणजे गॅस वाचवला की पैसेही वाचतात आणि छातीही. डाळ-तांदूळ आधी भिजवा. कुकर वापरा, पातेल्यावर झाकण ठेवा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका. उकळी आली की आच बारीक करा.

स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी हवी, थंडी-पावसातसुद्धा. छताजवळ झरोका असेल तर तो पोत्याने बुजवू नका. तान्ह्या बाळाची झोळी शेगडीपासून लांब बांधा.

ज्योत पिवळी दिसली तर हवा नीट मिसळत नाही असं समजा. त्यातून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. शेगडी गार झाल्यावर बर्नरची भोकं साफ करा. तरी ज्योत पिवळीच राहिली तर मेकॅनिकला दाखवा.

हे ऐकून कुणी परत चुलीकडे वळू नका बरं. लाकडाच्या धुरात हा वायू असतोच, शिवाय छातीत बसणारे बारीक कण कितीतरी जास्त असतात. गॅसच बरा, फक्त त्याला मोकळी हवा द्या. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं: माझ्या शेगडीजवळ खिडकी आहे का, आणि ती उघडते का?