वरच्या डेकवरचे पप्पा

डबल डेकर गेली तेव्हा तिचे फोटो सगळ्यांनी टाकले. त्या जिन्यावरून दिवसभर चढ-उतर करणाऱ्या एका माणसाबद्दल थोडं...

सकाळी पावणेनऊला कुर्ल्याला पश्चिमेला उतरायचं, गर्दीतून वाट काढत स्टॉप गाठायचा आणि 332 ची वाट बघायची. साकीनाका, मरोळ, चकाला या पट्ट्यात ज्यांनी मेट्रो येण्याआधी नोकरी केली आहे, त्यांना हा सीन समजावून सांगायची गरज नाही. लाल डबल डेकर यायची, अर्धी पब्लिक पुढच्या खिडकीसाठी जिन्याकडे धावायची आणि वरून पंचाची टिकटिक ऐकू यायची. तुम्ही त्या गर्दीतले असाल तर माझ्या पप्पांना तुम्ही नक्की पाहिलं असणार. त्याहून जास्त शक्यता ही, की ते तुम्हाला ओळखत होते!

पप्पा बेस्टमध्ये कंडक्टर होते. 1988 ला लागले, 2021 ला रिटायर झाले. पाटण तालुक्यातून बारावी करून आलेला मुलगा, चुलत्यांच्या कुर्ल्यातल्या खोलीत वळकटी टाकून राहणारा. खाकी कपडे मिळाले, बिल्ला मिळाला आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर ‘आख्खी मुंबई घरी आली’. नव्वदच्या सुरुवातीला शहरात नऊशेच्या आसपास डबल डेकर होत्या. एका बसला दोन कंडक्टर, एक खाली आणि एक वर. पप्पा वरचे. त्यांचे बरीच वर्षं जोडीदार असलेले गृहस्थ आमच्या घरात ‘खालचे काका’ म्हणूनच ओळखले जातात. त्यांचं खरं आडनाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं!

आपल्याला वाटतं, कंडक्टरचं काम म्हणजे काय, तिकीट फाडायचं आणि बेल मारायची. अजिबात नाही. मशीन यायच्या आधी पत्र्याची पेटी असायची, प्रत्येक किमतीच्या तिकिटांचा वेगळा गठ्ठा. ड्युटी सुरू करताना प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला नंबर लिहून घ्यायचा, संपताना शेवटचा. वजाबाकी करायची आणि तेवढीच कॅश डेपोत भरायची. मध्ये टप्पे लक्षात ठेवायचे, कोण कुठे चढला, कुठलं तिकीट घेऊन कुठे उतरतोय, सगळं डोक्यात. पप्पांचं गणित त्यामुळे भन्नाट होतं. माझ्या दहावीच्या अभ्यासात मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण ते उत्तर सांगायचे, पायऱ्या नाही.

आणि सुट्टे! सुट्ट्यांवर पप्पांनी जेवढी माणसं जोडली तेवढी कुणी लग्नकार्यातही जोडली नसतील. साकीनाक्याच्या इडलीवाल्याला सकाळी चिल्लर हवी असायची, मरोळच्या एका मेडिकलवाल्यालाही. पप्पा त्यांच्या नोटा घेऊन नाणी मोजून द्यायचे. बदल्यात इडली घ्यायचे का? नाही. बदल्यात त्या माणसाच्या मुलाची अॅडमिशन कुठे झाली, गावच्या घरावर पत्रे पडले का, एवढी सगळी माहिती घ्यायचे. 2019 च्या जुलैत कमीत कमी भाडं पाच रुपये झालं तेव्हा पाचच्या नाण्यांचा पूर आला. सगळे कंडक्टर वैतागलेले, पप्पा खूश.

26 जुलैची रात्र

2005 च्या 26 जुलैला मी आठ वर्षांची होते. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा नंतर कळला. त्या संध्याकाळी आम्हाला एवढंच माहीत होतं, की पप्पांची दुसरी पाळी आहे, फोन लागत नाहीये आणि मिठीचं पाणी कुर्ल्यात शिरलंय. आई रात्रभर गॅलरीत उभी होती.

पप्पांची बस साकीनाक्याच्या अलीकडे बंद पडली होती. पाणी खालच्या सीटांपर्यंत आलं तसं खालच्या काकांनी सगळ्यांना जिन्यावरून वर पाठवलं. वर तिघांच्या जागी पाच-पाच जण. एका बिस्किट कंपनीच्या सेल्समनकडे सॅम्पलची पिशवी होती, ती फुटली. एका बाईंकडे थेपले होते. बाहेर अंधार, आत लहान पोरं रडतायत. मग पप्पांनी काय केलं? प्रत्येकाला उभं करून नाव, गाव आणि ‘घरी गेल्यावर पहिल्यांदा काय खाणार’ हे सांगायला लावलं. पहाटेपर्यंत सगळी बस जेवणावर बोलत होती. उजाडल्यावर पाणी उतरायला लागलं तेव्हा पप्पा पंच वाजवत उठले आणि म्हणाले, “ज्यांनी तिकीट काढलं नसेल त्यांनी आत्ता काढा, रात्रभर मुक्काम केलाय!”

ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. चिखलाने माखलेले, कॅशची बॅग मात्र कोरडी. आईने आधी त्यांना आंघोळीला पाठवलं आणि मग रडली.

त्या बसमधले सात-आठ जण पुढे दरवर्षी 26 जुलैला पप्पांना फोन करायचे. आईला हे फार आवडायचं नाही. खरं सांगायचं तर तिचा रागच होता. दिवसभर लोकांशी बोलून आलेला माणूस घरी आल्यावर पायरीवर बसून पुन्हा लोकांशीच बोलायचा. रविवारी सुट्टी असेल तर कुणाच्या तरी बारशाला, नाहीतर कुणाच्या मयताला. “अहो, दोन घास आमच्यासोबत पण खा,” हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. लोकांना संपूर्ण पप्पा मिळायचे, आम्हाला उरलेसुरले. पण त्या उरल्यासुरल्या पप्पांचाही आवाज घरभर पुरायचा, हेही तितकंच खरं.

8 जून 2014 ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि त्याच रस्त्यावर पप्पांच्या डोक्यावरून गाड्या पळायला लागल्या. आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांनी काय करायला हवं होतं? एसी सोडून ट्रॅफिकमध्ये बसायचं? साहजिकच सगळे वर गेले. पप्पा म्हणायचे, “आमचा दुसरा मजला, त्यांचा तिसरा.” बोलायचे हसत, पण रात्री जेवताना आज कोण दिसलं नाही याची यादी सांगायचे. लॉकडाऊनमध्ये लोकल सगळ्यांसाठी बंद होत्या, तेव्हा नर्स आणि वॉर्डबॉयना घेऊन बस चालवणाऱ्यांत ते होते. वय सत्तावन्न. आई दारात त्यांच्यासाठी गरम पाण्याची बादली ठेवायची आणि ते मास्कमधून आज भेटलेल्या नर्सच्या गावाचं नाव सांगायचे.

नावं नसलेले कॉन्टॅक्ट्स

15 सप्टेंबर 2023 ला शेवटची जुनी डबल डेकर अंधेरीहून सीप्झकडे निघाली, 415 नंबर. पप्पा आणि खालचे काका दोघंही गेले होते. जिन्याने पप्पांचे गुडघे कधीचेच घेतले होते, त्यामुळे वर चढायला त्यांना वेळ लागला. लोक फुलं लावत होते, सेल्फी काढत होते. पप्पांनी रीतसर तिकीट काढलं आणि वर जाऊन बसले, चक्क पॅसेंजर म्हणून! घरी आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, “नव्या इलेक्ट्रिकला दोन जिने आहेत. आम्हाला एकावर भागवायला लागलं.” बास.

जानेवारी 2024 मध्ये एका पहाटे ते झोपेतच गेले.

कळवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या मोबाइलमध्ये अकराशेच्या वर नंबर होते आणि बहुतेकांना नावं नव्हती. ‘साकीनाका इडली’. ‘बँकवाल्या मॅडम मरोळ’. ‘पुढची खिडकी’. ‘चष्मा जॉब गेला’. ‘चष्मा जॉब लागला’ (हा वेगळा नंबर, माणूस बहुतेक तोच!). ‘थेपले 26’. मी पत्रकार आहे, अनोळखी लोकांना फोन करणं हा माझा धंदा आहे. तरी ‘मी वरच्या कंडक्टरची मुलगी बोलतेय’ हे वाक्य पहिल्या चार फोनांना गळ्यातच अडकलं. पाचव्या फोनवर ‘पुढची खिडकी’ होती. आता बंगळुरूला असते, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे. 2009 मध्ये पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ती चुकीच्या बसमध्ये चढली होती आणि पप्पांनी पुढच्या स्टॉपवर उतरवून दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली केलं होतं, एवढीच ओळख. ती फोनवर माझ्याआधी रडली.

दशक्रियेला इतके लोक आले की भटजींनी विचारलं, काका राजकारणात होते का?

पप्पांच्या पाकिटात एक छोटा कोरा कागद सापडला. आई टाकायला निघाली होती. खालच्या काकांनी थांबवलं. म्हणाले, “वहिनी, ते तिकीट आहे. शेवटच्या गाडीचं.” मशीनच्या कागदावरची शाई उडून जाते, त्यामुळे त्यावर आता ना नंबर आहे ना तारीख. आईने तो कागद गणपतीच्या फोटोमागे ठेवलाय.

त्या वर्षीच्या 26 जुलैला पप्पांचा फोन वाजला. आम्ही तो अजून चालू ठेवला आहे, आईच रिचार्ज करते. स्क्रीनवर ‘थेपले 26’. मी उचलणार एवढ्यात आईने घेतला आणि घेऊन गॅलरीत गेली. आत आली तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं झाली होती.

“सून चांगली मिळालीये त्यांना,” ती म्हणाली. मग चहा ठेवता ठेवता, “खालच्या भावोजींना रविवारी जेवायला बोलव. आणि त्यांना विचार, त्या बिस्किटवाल्याचा नंबर कुठल्या नावाने असेल.”