एक ब्रास दगड, एक तोळा सोनं

लातूरहून औशाच्या, अहमदपूरच्या किंवा निलंग्याच्या रस्त्याला लागा, कुठे ना कुठे खडी केंद्र दिसतंच. उंच चढत गेलेले रबरी पट्टे, खाली वीस एमएम, दहा एमएम आणि कचेचे वेगवेगळे ढीग, आणि आजूबाजूच्या बाभळींवर करड्या धुळीचा थर. डंपरमधून डबर हॉपरमध्ये पडतं आणि जबड्यासारख्या दोन पोलादी पाट्यांमध्ये चिरडलं जातं. हाच जॉ क्रशर घाना, टांझानिया, पेरू या देशांतले छोटे खाणवाले सोनं काढायला विकत घेतात. यंत्र तेच, फक्त दगड वेगळा. त्या यंत्राच्या आणि त्या दगडाच्या या काही गमतीजमती.

मामा कापसाचा, भाचा खडीचा

जॉ क्रशर सोन्यासाठी जन्मलाच नाही, तो जन्मला रस्त्यासाठी. अमेरिकेतल्या न्यू हेवनला खडीचा रस्ता करायचं ठरलं आणि एली व्हिटनी ब्लेक या गृहस्थाच्या लक्षात आलं की सगळा वेळ आणि पैसा हातोडीने दगड फोडण्यात जातोय. त्याने दगड चावणारा यांत्रिक जबडा बनवला आणि 1858 साली त्याचं पेटंट घेतलं. खाणवाल्यांनी ते यंत्र नंतर उचललं.

या ब्लेकचा मामा कोण? कापसातून सरकी काढणारं यंत्र 1793 साली बनवणारा एली व्हिटनी! आपल्याकडच्या जिनिंगमध्ये रोलरची वेगळी पद्धत चालते, पण सरकी यंत्राने झपाट्याने काढायचा जमाना आणला तो या मामाने. ‘नांदेड 44’ हे कापसाचं वाण घराघरात माहीत असलेल्या आणि गावोगावी खडी केंद्रं असलेल्या आपल्या मुलखाने या मामा-भाच्यांची जोडी लक्षात ठेवायलाच हवी.

ब्लेकचं पेटंट शंभरी ओलांडून गेलं होतं, तरी 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसांनी खडी फोडली ती हातानेच. यंत्र लावलं असतं तर हातांना काम उरलं नसतं, आणि काम नाही तर मजुरी नाही. त्या दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून गावोगावी आहेत. घण, सुतकी आणि पहार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार समाजाचे कष्ट तर त्याच्याही आधीपासूनचे. आज आपण ज्या रस्त्यांवरून गाड्या पळवतो, त्यांतल्या कित्येकांच्या तळाला ही हातखडी आहे.

हिशोब ब्रासचा

खडी मोजायची ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट. फोडलेल्या दगडाचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. आता धरा, सोन्याच्या खनिजात टनामागे 3 ग्रॅम सोनं आहे. ब्रासमागे साडेतेरा ग्रॅम झाले. काढताना थोडं वाया जाणारच, ते सोडलं तर हातात काय येतं? जुन्या मापाचा एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. घरात बांधकामाला खडीचा ढीग आला की एकदा त्याच्याकडे पाहा आणि मग गळ्यातल्या मंगळसूत्राकडे.

आणि टनाला 3 ग्रॅम ही निसर्गाची मोठीच मेहेरबानी म्हणायची. पृथ्वीच्या कवचात सोन्याचं सरासरी प्रमाण टनामागे चार-पाच मिलिग्रॅमच्या घरात आहे. म्हणजे भूगर्भातल्या गरम पाण्याने ते शेकडो पटींनी एका जागी गोळा करून गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये ठेवलं, तेव्हा कुठे खाण होते.

खडीवाल्याचं आणि सोनेवाल्याचं काम इथे वेगळं होतं. खडीवाला वीस एमएमवर थांबतो. सोनेवाल्याला तोच दगड मैद्यासारखा करावा लागतो, 75 मायक्रॉनपर्यंत म्हणजे मिलिमीटरच्या तेराव्या हिश्शापर्यंत. त्यासाठी जॉ क्रशरनंतर हॅमर मिल किंवा पोलादी गोळ्यांची बॉल मिल लागते. पुढचं काम वजन करतं: सोनं पाण्याच्या 19.3 पट जड आणि गार फक्त 2.65 पट. वाहत्या पाण्यात गार निघून जाते, सोनं तळाला बसतं. पाणी मात्र मुबलक लागतं. 2016च्या एप्रिलमध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लातूरच्या पोटात काय आहे?

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली. त्या जखमेबद्दल लिहायची ही जागा नाही. पण त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे 617 मीटर खोल विंधनविवर घेतलं आणि लातूरच्या पोटात काय आहे ते पहिल्यांदा नीट दिसलं. वर 338 मीटर काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. त्याखाली 8 मीटर गाळाचा दगड. आणि त्याखाली अब्जावधी वर्षं जुना, दक्षिण भारताचा मूळ पाया असलेला खडक.

लातूरच्या काळ्या दगडात सोनं का नाही, याचं उत्तर या विवरात आहे. सोन्याच्या शिरा सापडतात त्या जुन्या पायातल्या विशिष्ट पट्ट्यांत, आणि आपण बसलोय त्यावर टाकलेल्या तीनशे-साडेतीनशे मीटर जाड झाकणावर. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलात की हे झाकण संपतं आणि जुना ग्रॅनाइट उघड्यावर येतो. पण उघडा ग्रॅनाइट दिसला म्हणजे सोनं असतंच असंही नाही.

बेसाल्टची स्वतःची श्रीमंती मात्र आहे. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढतात आणि जगभरातले संग्राहक ते जपून ठेवतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतला निळाशार कॅव्हनसाइट तर जगात सर्वोत्तम मानला जातो. खाणीत असा लुकलुकणारा खडा दिसला, तर तो हॉपरमध्ये टाकण्याआधी कुणा भूगोलाच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या शिक्षकाला जरूर दाखवा.

सरळ दक्षिणेला हट्टी

लातूरहून नकाशावर सरळ दक्षिणेला रेघ ओढा. अडीचशे किलोमीटरच्या आत ती रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीपाशी पोचते, रेखांश जवळपास तोच. कोलारची प्रसिद्ध खाण 28 फेब्रुवारी 2001ला बंद झाली, तेव्हापासून देशातल्या खाणींतून निघणारं बहुतेक सोनं या हट्टीतून येत आलं आहे. आणि हट्टी आपल्याला परकी नाही. निजामाच्या राज्यात लातूर, नांदेड आणि हट्टी एकाच अमलाखाली होती. 1947 साली तिथे हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी निघाली. 1956ला भाषावार प्रांतरचना झाली, आपण एकीकडे गेलो आणि सोनं कर्नाटकात गेलं.

हट्टीत दोन हजार वर्षांपूर्वीही खाणकाम चालायचं. जुन्या बोगद्यांतली लाकडं तपासून हा काळ ठरला आहे. क्रशर नव्हता तेव्हा काय करायचे? खडकावर जाळ करायचे, दगड तापून तडकला की फोडायचे, आणि उघड्या कातळातल्या उखळांत कुटायचे. ती कुटून कुटून पडलेली उखळं त्या भागात सापडली आहेत.

याच परिसरातल्या मस्कीची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. 1915 साली सी. बीडन नावाचा सोन्याच्या शोधात फिरणारा खाण-अभियंता तिथे हिंडत होता. त्याला कातळावर कोरलेली अक्षरं दिसली. तो निघाला सम्राट अशोकाचा शिलालेख! तोवर सापडलेल्या लेखांत राजाचा उल्लेख ‘देवांचा प्रिय’, ‘प्रियदर्शी’ अशा बिरुदांनीच असायचा. मस्कीच्या लेखात पहिल्यांदा ‘अशोक’ हे नाव मिळालं. सोनं शोधायला निघालेल्या माणसाने भारताच्या इतिहासाला एवढी मोठी खूण मिळवून दिली.

परदेशी मशीन घ्यायचं तर

आयात क्रशरची जाहिरात पाहून भुलणारे खूप. खरी मजा मशीन बंदरावर उतरल्यावर सुरू होते. तिथे तपासला जातो तो लाकडी खोकासुद्धा! लाकडातून किडे देशात शिरू नयेत म्हणून ते 56 अंशांना अर्धा तास तापवलेलं किंवा धुरी दिलेलं असावं लागतं, आणि गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का त्यावर लागतो. मशीन जुनं असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्रही हवं.

मग मोटर. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50ची. तिथली मोटर इथे जोडली की फेरे सहाव्या हिश्शाने कमी होतात. तिथे मिनिटाला 1750 फिरणारी मोटर इथे साडेचौदाशेच्या आसपास रेंगाळते, व्होल्टेज जुळत नाही ते वेगळंच. पुली बदला नाहीतर मोटर बदला. बोल्टसुद्धा इंची आट्यांचे निघतात आणि बाजारात सगळीकडे मेट्रिक.

क्रशरची खरी कसोटी असते सुट्या भागांत. जबड्याच्या पाट्यांना आपल्याकडे सरळ ‘मँगनीज’ म्हणतात. सुमारे 12 टक्के मँगनीज असलेलं हे पोलाद रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 साली शोधलं. मार बसेल तसं ते पृष्ठभागावर आणखी कठीण होत जातं, मऊ पडत नाही. पाटी खालून जास्त झिजते, म्हणून ती उलटी करून पुन्हा बसवतात आणि आयुष्य वाढवतात. अशी पाटी तुमच्या मापाची इथे मिळते का, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

आणि टॉगल प्लेट. जबड्यामागची ही साधी पट्टी मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. दगडाबरोबर पोकलेनच्या बकेटचा दात चुकून आत गेला, तर आधी ही पट्टी मोडते आणि बाकीचं लाखमोलाचं मशीन वाचतं. ती मोडली म्हणून मशीनला नावं ठेवू नका, तिने तिचं काम चोख केलेलं असतं.

घाणी, डुलता दगड आणि पारा

सोन्याचं खनिज दळायची चिलीतली जुनी पद्धत म्हणजे गोल चरातून फिरणारी दगडी चाकं. आपल्या किल्ल्यांवरची बैलाने फिरवायची चुन्याची घाणी डोळ्यापुढे आणा, अगदी तशीच. पेरूत किंबालेते नावाचा प्रकार आहे: वर एक अवजड दगड, त्यावर बसवलेल्या फळीवर माणूस उभा राहून दोन्ही बाजूंना डुलत राहतो आणि खाली खनिज दळलं जातं. घानामध्ये चिनी इंजिनावर चालणाऱ्या छोट्या चक्कीला लोक इंजिनाच्या ब्रँडवरून ‘चांगफा’ म्हणतात.

यातली काळजीची गोष्ट म्हणजे पारा. छोटे खाणवाले पिठीत पारा मिसळून सोनं पकडतात आणि मग तो जाळून उडवतात. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यांत मोठा स्रोत हाच आहे. दुसरा धोका कोरड्या दळणाचा. गार म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. आपल्या खडी केंद्रांवरही पाण्याचे फवारे आणि पट्ट्यांवर झाकणं हवीतच. कामगाराच्या श्वासाची किंमत ब्रासच्या दरात धरलेली नसते.

लातूरची खरी सोन्याची खाण

लातूरमध्ये सोन्याची खाण कुठे, असं विचारलंत तर गंजगोलाईचं नाव घ्यावं लागेल. सोळा रस्ते जिथे मिळतात तिथल्या बाजारात सोन्याचे दागिने घडतात आणि घडताना कानशीचा बारीक चुरा उडतो. हा चुरा गोळा करण्याचं कसब महाराष्ट्रातल्या झारेकऱ्यांकडे पिढीजात आहे. सोनाराच्या दुकानातली झाडलोट आणि भट्टीची राख घ्यायची, पाण्यात धुवायची आणि तळाचं सोनं वेगळं करायचं. तिकडे वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी लोक नदीची वाळू लाकडी परातीत धुऊन सोन्याचे कण काढत आले. क्रशर नाही, आयात नाही, पाणी आणि हात पुरेत.

आता कामाचं. आपल्या देशात कुणीही उठून सोन्याची खाण काढू शकत नाही. मुरूम आणि खडीचा दगड गौण खनिजात येतो, त्याची परवानगी जिल्ह्यातून मिळते. सोन्याला 1957चा खाण आणि खनिज कायदा लागतो आणि 2015 पासून त्याचे पट्टे लिलावानेच दिले जातात. तेव्हा ‘मशीन घ्या, शेतातल्या दगडातून सोनं काढा’ असं सांगणारा कुणी भेटला, तर मशीनचा भाव विचारू नका. आधी खाणपट्ट्याचा कागद आणि दगडाच्या तपासणीचा सरकारमान्य प्रयोगशाळेचा अहवाल मागा. दोन्ही नसतील, तर पैसे खिशातच राहू द्या.