हातउसने : भीड आणि व्यवहार

रुग्णालयाचे बिल, मुलांची फी किंवा भाड्याच्या घराची अनामत यांपैकी कोणत्यातरी निमित्ताने स्नेह्याकडे हातउसने पैसे मागण्याचा प्रसंग मध्यमवर्गीय संसारात एकदा तरी येतोच, आणि तो आला म्हणजे उभयपक्षी जी भीड उत्पन्न होते तिलाच आपण सौजन्य समजतो. पुढे संबंध बिघडले की त्याचे खापर पैशावर फोडले जाते. परंतु माझ्या मते दोष बहुधा घेणाऱ्याच्या मौनाचा असतो, आणि या मौनाला आधार देणाऱ्या समजुती कायद्याच्या कसोटीवर टिकत नाहीत.

मित्रांत लिखापढी केली म्हणजे अविश्वास दाखवला, ही त्यांतली सर्वांत रूढ समजूत. केवळ तोंडी झाली म्हणून उसनवारी निरर्थक ठरत नाही हे खरे. १८७२ च्या करार कायद्याने अशा व्यवहारास लेखाची सक्ती केलेली नाही. अडचण येते ती पुराव्याची, आणि त्याहूनही आठवणीची, कारण रक्कम आणि वायदा ही दोन्ही दोन माणसांच्या स्मरणात फार काळ सारखी राहत नाहीत. कागद मागणे देणाऱ्यास जड जाते. म्हणून रक्कम, तारीख आणि परतफेडीची मुदत लिहून, खाली सही करून, तो कागद न मागता हाती देणे हे घेणाऱ्याचेच काम होय.

‘सवड होईल तेव्हा दे’ या उदार वाक्याने घेणाऱ्यास अमर्याद अवकाश मिळतो, असाही एक समज आहे. वस्तुतः १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, मागताच परत करावयाच्या उसनवारीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत मागणी केल्या दिवसापासून नव्हे, तर पैसे दिल्या दिवसापासून चालू होते. म्हणजे जो सद्गृहस्थ संकोचाने तगादा लावत नाही, त्याच्याच हक्काचा काळ मुकाट्याने सरत असतो. ती मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. शिवाय मुदत टळली म्हणजे ऋण फिटले असेही नाही; बंद होते ते न्यायालयाचे दार, आणि तेही सहीचे लेखी वचन दिल्यास करार कायद्याच्या कलम २५ अन्वये पुन्हा उघडते.

रोकडीत व्यवहार सोपा, ही समजूत तर घेणाऱ्यालाच महागात पडणारी आहे. आयकर कायद्याप्रमाणे २०,००० रुपये किंवा अधिक उसनी रक्कम रोख स्वीकारता येत नाही, आणि आधीचे त्याच व्यक्तीचे येणे बाकी असेल तर तेही या मर्यादेत धरले जाते. उल्लंघन झाल्यास स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. उभयतांचे उत्पन्न शेतीचेच असून करपात्र उत्पन्न काहीच नसेल तर सवलत आहे; इतरांनी बँकेतूनच देवघेव करावी. पैसे बुडाले तर पोलिसांत जाता येईल, या भरवशाविषयी इतकेच सांगावे की आरंभापासून फसविण्याचा हेतू असल्यावाचून न फेडलेले कर्ज हा दिवाणी मामला असतो.

राहिला जामीन. पतसंस्थेच्या कर्जासाठी मित्राकडे जाताना ‘पैसे नकोत, नुसती सही हवी’ असे म्हणणाऱ्यास आपण काहीच मागितले नाही असे प्रामाणिकपणे वाटत असते. प्रत्यक्षात त्याने कदाचित सर्वांत मोठे हातउसने मागितलेले असते. करारात वेगळे ठरले नसेल तर करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि आधी ऋणकोच्या मिळकतीवर जप्ती आणा, मग माझ्याकडे या, असे तो सामान्यतः म्हणू शकत नाही. त्याने योग्य रीतीने जे भरले ते मूळ ऋणकोकडून वसूल करण्याचा अधिकार त्याला कलम १४५ देते. तेव्हा हप्ता चुकणार असे दिसताच पतसंस्थेच्या नोटिशीपूर्वी ती वार्ता स्वतः जाऊन सांगणे, एवढे तरी सही मागणाऱ्याने पत्करले पाहिजे.